अंगणात पाच लांडगे, स्पेल कुणाला लागणार?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोलप्ले गेममध्ये पाचव्या लेव्हलचा मून ड्रुइड (प्राण्याचं रूप घेऊ शकणारा जादूगार) तपकिरी अस्वल होऊन लढतोय, शत्रूच्या विझार्डने त्याच्यावर होल्ड पर्सन हा माणसाला थिजवणारा स्पेल (मंत्र) टाकला. नवीन डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या तुम्ही, सांगितलं लागला, सेव्ह कर (स्पेलपासून वाचायला फासा टाक). प्लेअर म्हणाला मी आत्ता पर्सन नाहीच, अस्वल आहे, सेव्ह कसला? यावर टेबलावर अर्धा तास गेला आणि शेवटी सगळ्यांचा मूड गेला. तर बरोबर कोण, आणि एकूणच रूप बदललेल्या कॅरेक्टरवर कुठला स्पेल लागतो कुठला नाही हे ठरवायचं कसं?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ देतो. तुम्ही २०१४ च्या नियमपुस्तकाने खेळत असाल तर प्लेअर बरोबर आहे, २०२४ च्या पुस्तकाने खेळत असाल तर तुम्ही बरोबर आहात. आणि मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्या टेबलावर एकाकडे एक पुस्तक आहे आणि दुसऱ्याकडे दुसरं, कारण हा वाद मी इतक्या वेळा बघितलाय आणि दर वेळी दोघंही आपापल्या पुस्तकातलं अगदी नीट वाचून दाखवत असतात.

२०१४ च्या वाइल्ड शेपमध्ये (ड्रुइडची रूप बदलायची क्षमता) लिहिलंय की तुमचे गेम स्टॅटिस्टिक्स (खेळातले आकडे आणि गुण) बीस्टच्या (प्राण्याच्या) स्टॅटिस्टिक्सने बदलले जातात, फक्त अलाइनमेंट, स्वभाव आणि इंटेलिजन्स, विझ्डम, करिश्मा तुमचे राहतात, वर स्किल आणि सेव्हिंग थ्रोची प्रोफिशियन्सी राहते. काय राहतं त्याची यादी दिलीय आणि त्या यादीत क्रीचर टाइप (जिवाचा प्रकार) नाही. म्हणजे टाइप गेला, अस्वलाचा आला, ड्रुइड आता बीस्ट आहे. होल्ड पर्सनला ह्युमनॉइड (माणसासारखा जीव) लागतो, त्यामुळे तो स्पेल इथे फुकट जातो. २०२४ मध्ये हेच वाक्य परत लिहिलं आणि काय राहतं त्या यादीत टाइप मुद्दाम घातला. आता ड्रुइड अस्वल दिसला तरी नियमाने ह्युमनॉइडच आहे. शिवाय २०२४ मध्ये वाइल्ड शेप ड्रुइड इनकॅपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा) झाला की संपतो, आणि पॅरलाइज्ड (थिजलेला) माणूस इनकॅपॅसिटेटेड असतोच, त्यामुळे होल्ड पर्सन लागला तर तो नुसता थिजत नाही, अस्वलाचं रूपही गळून पडतं आणि जागेवर थिजलेला माणूस उरतो. २०१४ मध्ये रूप जातं ते बेशुद्ध झाल्यावर, शून्य एचपीवर (एचपी म्हणजे जिवाचे गुण) आल्यावर किंवा मेल्यावर, त्यामुळे तिथे कुणी होल्ड मॉन्स्टर (माणूस नसलेल्यांनाही थिजवणारा स्पेल) टाकला तर थिजलेलं अस्वल अस्वलच राहतं. हा फरक टेबलावर फार मोठा पडतो, तेव्हा सेशन झीरोलाच (खेळ सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीतच) सांगून टाका की आपलं पुस्तक कुठलं.

आता दुसरा भाग, जो खरा महत्त्वाचा आहे. मी गेली बरीच वर्षं पुण्यात डीएम करतोय, आठवड्याला एक गेम ऑनलाइन पण असतो, आणि नवीन डीएमना हे समजवायला मी एक चित्र वापरतो. रात्रीची वेळ, वाड्याचं अंगण, अंगणात पाच लांडगे उभे आहेत, दिसायला अगदी एकसारखे. पहिला खरा लांडगा. दुसरा ड्रुइड, वाइल्ड शेप केलेला. तिसरा तुमच्याच पार्टीतला फायटर, ज्याला कुणीतरी पॉलिमॉर्फ (दुसऱ्याचं रूप बदलणारा स्पेल) केलाय. चौथा वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस). पाचवा कुणीतरी कॉन्ज्युअर ॲनिमल्सने बोलावलेला. तुमच्याकडे हातात तीन स्पेल आहेत, होल्ड पर्सन, ॲनिमल फ्रेंडशिप (प्राण्याला आपलंसं करणारा) आणि मूनबीम (चांदण्याचा जाळणारा झोत). कोणता कुणाला लागेल? हे एकदा नीट सोडवलं की पुढची ऐंशी टक्के भांडणं मिटतात, म्हणून यात जरा वेळ घालवतो. आत्ता सगळं २०१४ च्या नियमाने घेऊ, कारण गुंता तिथेच जास्त आहे.

खरा लांडगा सोपा. बीस्ट, इंटेलिजन्स ३, ॲनिमल फ्रेंडशिप चालतो, होल्ड पर्सन नाही, मूनबीमने नुसतं डॅमेज.

ड्रुइडवाला लांडगा बीस्ट आहे, होल्ड पर्सन नाही लागणार. मग ॲनिमल फ्रेंडशिप लागेल ना? तर नाही! कारण त्या स्पेलमध्ये वाक्य आहे की बीस्टचा इंटेलिजन्स ४ किंवा जास्त असेल तर स्पेल फेल होतो, आणि ड्रुइडने इंटेलिजन्स स्वतःचा ठेवलाय, तो १० नाहीतर १२ असणार. टाइप बरोबर असूनही स्पेल फेल. पण डॉमिनेट बीस्टमध्ये (प्राण्याला ताब्यात घेणारा स्पेल) तशी अट नाहीये, तो याच ड्रुइडवर व्यवस्थित लागतो, विझ्डम सेव्ह करावा लागेल, लढाई चालू असेल तर ॲडव्हान्टेजवर (दोन फासे टाकून मोठा आकडा घेऊन). मी हे सांगितलं की ड्रुइड खेळणाऱ्यांचा चेहरा पडतो, कारण बीस्ट झालो म्हणजे होल्ड पर्सन आणि चार्म पर्सनपासून सुटलो एवढंच त्यांच्या डोक्यात असतं, नवीन दार उघडलंय हे लक्षात येत नाही.

तिसरा, पॉलिमॉर्फ झालेला फायटर. हा पण बीस्ट. पण पॉलिमॉर्फमध्ये मेंटल स्कोअरसुद्धा बदलतात असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे याचा इंटेलिजन्स आता लांडग्याचा, ३. त्यामुळे ॲनिमल फ्रेंडशिप याच्यावर चालतो! तुमच्या पार्टीतला, बारा वर्षं बरोबर असलेला सोबती, आणि शत्रूची ड्रुइड पहिल्या लेव्हलच्या स्पेलने त्याला गोंजारून बाजूला बसवू शकते. माझ्या टेबलावर एकदा हे असंच झालं होतं आणि फायटरच्या प्लेअरने ते इतकं सुंदर रोलप्ले केलं, तिच्या पायाशी जाऊन बसला, की कुणाला नियमाबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही.

चौथा वेअरवुल्फ, आणि इथे सगळं उलटं होतं. त्याच्या स्टॅट ब्लॉकच्या (पुस्तकातल्या माहितीच्या चौकटीच्या) वरती लिहिलंय ह्युमनॉइड, कंसात ह्युमन, शेपचेंजर. आणि खाली शेपचेंजर ट्रेटमध्ये लिहिलंय की एसी (बचावाचा आकडा) सोडून बाकी स्टॅटिस्टिक्स प्रत्येक रूपात तेच राहतात. म्हणजे चार पायांवर उभा, शेपूट, केस, दात, सगळं लांडग्याचं, तरी ह्युमनॉइड. होल्ड पर्सन त्याला लागतो. ॲनिमल फ्रेंडशिप लागतच नाही, तो बीस्टच नाही, इंटेलिजन्सपर्यंत जायची गरजच नाही. आणि मूनबीम तर याच्यासाठीच लिहिलाय, शेपचेंजर सेव्ह डिसॲडव्हान्टेजने करतो आणि फेल झाला तर तिथल्या तिथे मूळ रूपात येतो, प्रकाशातून बाहेर पडेपर्यंत परत बदलता येत नाही.

पाचवा, बोलावलेला. कॉन्ज्युअर ॲनिमल्समध्ये एक छोटं वाक्य आहे, हे प्राणी बीस्टबरोबरच फे (परीलोकातले जीव) पण समजायचे. म्हणजे दोन्ही. बीस्टला लागणारा स्पेल लागेल आणि प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड घेतलेल्या माणसावर हल्ला करताना त्याला डिसॲडव्हान्टेज पण बसेल, कारण त्या स्पेलच्या यादीत फे आहे. याच्याशेजारी फाइंड फॅमिलियर ठेवून वाचा, तिथे लिहिलंय की फॅमिलियर बीस्टच्या ऐवजी सेलेस्टियल, फे किंवा फीन्ड असतो. एकीकडे सुद्धा, दुसरीकडे ऐवजी. हे दोन शब्द मी मुद्दाम दाखवतो कारण त्यातून कळतं की लिहिणाऱ्यांना टाइपबद्दल काही म्हणायचं असतं तेव्हा ते म्हणतात. जिथे नाही म्हटलंय तिथे आपण आपल्या मनाने घुसडायचं नाही.

तर या पाच लांडग्यांवरून काय दिसतं बघा, डोळ्यांना काय दिसतंय याच्यावरून काहीच ठरत नाही, आणि मुळात तो कोण आहे याच्यावरूनही ठरत नाही. ठरतं ते या क्षणी त्याच्या स्टॅट ब्लॉकवर काय लिहिलंय त्यावरून, आणि तो स्टॅट ब्लॉक बदलला की नाही हे ज्या फीचरने किंवा स्पेलने रूप बदललं त्याच्या मजकुरात असतं. प्रत्येकाचा मजकूर वेगळा आहे. वाइल्ड शेपचं उत्तर वेअरवुल्फला लावलं की चुकलंच.

आपल्याकडच्या लोकांना मी बहुरूप्याचं उदाहरण देतो. बहुरूपी इन्स्पेक्टरचा वेश करून दारात येतो, चौकशी करतो, घरातली लहान पोरं घाबरतात, पण त्याला अटक करायचा अधिकार आलेला नसतो. डिसगाइज सेल्फ हा स्पेल म्हणजे बहुरूपी. आल्टर सेल्फमध्ये तर शरीर खरंच बदलतं, पण दिसणं बदलायचा जो पर्याय आहे त्यात लिहिलंय की स्टॅटिस्टिक्स बदलत नाहीत, तेव्हा नियमाच्या दृष्टीने तोही बहुरूपीच. आणि गंमत म्हणजे मॉन्स्टर मॅन्युअलमधला राक्षस, हो तोच आपला राक्षस, वाघाच्या तोंडाचा, २०१४ मध्ये त्याला शेपचेंजर टॅग नाहीये. तो ॲट विल (हवा तेव्हा) डिसगाइज सेल्फ वापरतो. त्यामुळे मूनबीमखाली आणून त्याचं रूप उतरवता येईल असं ज्यांना वाटतं त्यांची निराशा होणार, आणि तसंही सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल त्याची इच्छा नसेल तर त्याला लागतच नाहीत.

मग डॉपलगँगर घ्या, दुसऱ्याचं रूप घेणारा मॉन्स्टर. दिसतो पहारेकरी, असतो मॉन्स्ट्रॉसिटी, म्हणजे ह्युमनॉइड नाहीच. प्लेअर म्हणतो मी त्या पहारेकऱ्यावर होल्ड पर्सन टाकतो. इथे डीएमची खरी परीक्षा असते. बरेच जण तोंडातून बोलून जातात, नाही तुला टाकता येणार नाही. झालं, सगळं फुटलं, चार सेशन जपलेलं गुपित एका वाक्यात गेलं. झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग या २०१७ च्या पुस्तकात याचा नियम आहे आणि तो मला फार आवडतो. चुकीच्या टार्गेटवर स्पेल टाकला तर टार्गेटला काही होत नाही, पण स्लॉट (स्पेल टाकायची एक संधी) जातो. आणि ज्या स्पेलमध्ये सेव्ह यशस्वी झाल्यावर काहीच होत नाही, तिथे टाकणाऱ्याला असंच दिसतं की समोरच्याने सेव्ह केला. म्हणजे तुम्ही पडद्यामागे फासा टाका, नुसता आवाज येऊ द्या, आणि सांगा की तो जरा थबकला आणि पुढे आला. प्लेअरला वाटेल पहारेकऱ्याचा विझ्डम चांगलाय. दुसऱ्यांदा असं झालं की मग त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो, आणि तो शोध त्याने स्वतः लावलेला असतो.

स्लॉट परत द्यावा का असं खूप जण विचारतात. माझं मत, गुपित असेल तर नाही द्यायचा. पण कॅरेक्टरला जे माहीत असणारच आहे ते प्लेअर विसरला असेल तर आधी आठवण करून द्यायची. तुमच्या विझार्डला पण हेच लागू होतं, फक्त तो तुमच्या हातात आहे. त्याने डोळ्यांसमोर ड्रुइडला अस्वल होताना बघितलंय. तो शिकलेला माणूस आहे, त्याला माहीत असेल का की आता होल्ड पर्सन चालणार नाही? मी अशा वेळी पटकन अर्काना चेक (जादूच्या ज्ञानाचा फासा) टाकतो. पास झाला तर तो दुसरं काहीतरी करतो, फेल झाला तर स्लॉट वाया घालवतो, आणि ड्रुइडच्या प्लेअरला एक छान क्षण मिळतो.

टार्गेट करायला ते नक्की काय आहे हे माहीत असायची गरज नसते हेही इथेच सांगून ठेवतो. खिडकीत कावळा बसलाय, प्लेअरला संशय आहे, तो मॅजिक मिसाइल टाकतो. स्पेलला दिसणारा क्रीचर हवाय, कावळा दिसतोय, लागला. तो ड्रुइड आहे की इम्प की खराच कावळा याच्याशी स्पेलला घेणंदेणं नाही. खरा पेच येतो तो मिमिकचा, म्हणजे वस्तूचं रूप घेणाऱ्या मॉन्स्टरचा. पेटीसारखा पडून राहिलेला मिमिक क्रीचरच आहे, ऑब्जेक्ट नाही. २०१४ मध्ये एल्ड्रिच ब्लास्ट फक्त क्रीचरवर चालतो असं लिहिलंय, म्हणून हुशार वॉरलॉक प्रत्येक पेटीवर ब्लास्ट मारून बघतात, लागला तर मिमिक, नाही लागला तर पेटी. मी त्यावर एवढंच करतो की किरण दोन्ही वेळेला लाकडावर आदळतो, दोन्ही वेळेला ढलप्या उडतात, आणि मिमिक शहाणा असेल तर तो मार गप्प सोसतो. २०२४ मध्ये त्यांनी क्रीचर किंवा ऑब्जेक्ट असं करून हा प्रश्नच मिटवला, चांगलं केलं.

आता वेळेचा मुद्दा, ज्यावर नियमांपेक्षा जास्त भांडणं होतात. स्पेल आधीच लागलेला आहे आणि मग रूप बदललं तर? समजा ड्रुइड माणूस असताना त्याच्यावर डॉमिनेट पर्सन लागला. शत्रूनेच हुकूम दिला, अस्वल हो आणि तुझ्या मित्रांना फाड. अस्वल झाल्यावर तो ह्युमनॉइड राहिला नाही, मग स्पेल सुटला का? माझं ठाम मत की नाही सुटत. टार्गेट बरोबर आहे का हे स्पेल टाकतानाच बघायचं. त्यानंतर तो परिणाम त्या जिवाला चिकटलाय, त्याच्या कातडीला नाही. स्पेलमध्ये स्वतः लिहिलं असेल की अमुक झालं तर संपतो, तरच संपतो. २०१४ मध्ये हे एका वाक्यात कुठे मांडलेलं नव्हतं म्हणून आम्ही प्रत्येक स्पेल वाचून ठरवायचो. २०२४ च्या रूल्स ग्लॉसरीत शेप-शिफ्टिंग म्हणून वेगळी नोंदच दिलीय, त्यात स्वच्छ लिहिलंय की रूप बदलणाऱ्या गोष्टीच्या वर्णनात वेगळं काही सांगितलं नसेल तर चालू असलेले परिणाम, म्हणजे कंडिशन्स, स्पेल्स, शाप वगैरे, एका रूपातून दुसऱ्या रूपात तसेच येतात. आणि मेलात तर खऱ्या रूपात येता. हे वाचल्यावर मला लगेच मारीच आठवला, सोन्याचं हरीण होऊन पळाला, बाण लागला आणि मरताना राक्षसाचं शरीर परत आलं. लहानपणी ऐकलेली गोष्ट आणि नियम बरोबर जुळतात.

उलट दिशेनेही हेच लावा, नाहीतर पक्षपात होतो. लांडगा असताना डॉमिनेट बीस्ट लागला, ड्रुइडने आपल्या टर्नला बोनस ॲक्शनने माणूस व्हायचा प्रयत्न केला आणि झाला, तरी डॉमिनेशन चालूच राहतं. प्लेअरला हे आवडत नाही, पण काल त्याने मेज आर्मर घेऊन लांडगा होऊन एसी वाढवून घेतला होता तेव्हा परिणाम रूपातून पुढे आलेला चालला होता ना, मग आज पण चालला पाहिजे. हो, मेज आर्मर आणि बार्कस्किन दोन्ही रूप बदलल्यावर टिकतात, ड्रुइडसाठी ही अगदी कामाची गोष्ट आहे.

याला अपवाद सामानाचा. ड्रुइडचं सामान नव्या रूपात विरघळलं तर ते सामान रूप सुटेपर्यंत काही परिणाम करत नाही. हीट मेटल या धातू तापवणाऱ्या स्पेलला दिसणारी धातूची वस्तू लागते, विरघळलेलं काही दिसतच नाही, म्हणजे नवीन टाकता येत नाही. आणि आधीच तापलेल्या चिलखतात असताना तो अस्वल झाला तर? २०१४ च्या मजकुरातून मी असं वाचतो की अस्वल असेपर्यंत चटका नाही, पण समोरच्याने स्पेलवरचं कॉन्सन्ट्रेशन धरून ठेवलं आणि हा परत माणूस झाला तर चिलखत तसंच लाल आहे. पळवाट आहे, पण एक वाइल्ड शेप खर्चून मिळालेली पळवाट आहे, मिळू द्या.

एचपी बघणाऱ्या स्पेलबद्दल. २०१४ मध्ये ड्रुइड आणि पॉलिमॉर्फवाला दोघंही नव्या रूपाचे एचपी घेतात, लांडगा म्हणजे ११, तपकिरी अस्वल म्हणजे ३४. स्लीप स्पेल ५ डी ८ (आठ बाजूंचे पाच फासे) टाकतो आणि सध्याचे एचपी बघतो, म्हणजे पन्नास एचपीचा ड्रुइड लांडगा झाला की स्लीपसाठी अकराचा झाला, अगदी स्वस्तात झोपतो. झोपला म्हणजे बेशुद्ध, बेशुद्ध म्हणजे वाइल्ड शेप सुटला, आणि समोर झोपलेला माणूस. पॉलिमॉर्फवाला मात्र झोपला तरी लांडगाच राहतो, कारण पॉलिमॉर्फ शून्य एचपी किंवा मृत्यूवर सुटतो, बेशुद्धीचं तिथे नाव नाही. क्युअर वूंड्सचं पण असंच, अस्वलावर टाकला तर अस्वलाचे एचपी भरतात, माणसाचे नाही, आणि अस्वल गेलं की ती मलमपट्टी पण गेली. २०२४ मध्ये दोन्हीकडे खरे एचपी आपलेच राहतात, वरून टेम्पररी एचपी मिळतात, त्यामुळे हील करणाऱ्याचं चीज होतं.

डिसइंटिग्रेट या स्पेलची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. मूळ पुस्तकात होतं की या डॅमेजने टार्गेट शून्य एचपीवर आला तर त्याची राख होते. ड्रुइडचं अस्वल शून्यावर आलं, मग राख झाली का माणूस उरला? तेव्हा अधिकृत उत्तर होतं की राख झाली, ड्रुइड गेला. किती टेबलांवर किती चांगली कॅरेक्टर्स त्यात गेली असतील. मग २०१८ च्या इरॅटात (दुरुस्तीपत्रकात) वाक्य बदललं, डॅमेजनंतर टार्गेट शून्यावर राहिला तर राख. आता अस्वल शून्यावर येतं, रूप सुटतं, उरलेलं डॅमेज माणसाला बसतं, आणि त्यानेही तो शून्यावर गेला तरच राख. एका क्रियापदाच्या फरकाने माणूस जगतो. तुमच्याकडे जुनी छपाई असेल तर तिथे पेन्सिलने लिहून ठेवा.

ड्रुइड स्वतः शेपचेंजर आहे का, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. २०१४ मध्ये शेपचेंजर हा स्टॅट ब्लॉकवरचा शब्द आहे, वेअरवुल्फ, डॉपलगँगर, मिमिक, इम्प, व्हँपायर यांच्या नावाखाली तो लिहिलेला असतो. ड्रुइडला असा टॅग कुठेही मिळत नाही, म्हणून माझ्या टेबलावर २०१४ च्या गेममध्ये मूनबीमने ड्रुइडचं रूप उतरत नाही, नुसतं २ डी १० डॅमेज, आणि पॉलिमॉर्फ त्याच्यावर चालतो. वेअरवुल्फवर पॉलिमॉर्फ चालत नाही, तिथे लिहिलंय की शेपचेंजरवर परिणाम नाही. २०२४ मध्ये मूनबीमचा मजकूरच बदलला, जो कुणी रूप बदललेला आहे तो फेल झाला की खऱ्या रूपात, उदाहरण म्हणून पॉलिमॉर्फचंच नाव दिलंय, त्यामुळे आता ड्रुइड पण त्यात सापडतो. आणि २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वेअरवुल्फ मॉन्स्ट्रॉसिटी झालाय, म्हणजे अंगणातल्या चौथ्या लांडग्याला होल्ड पर्सन आता लागत नाही आणि दुसऱ्याला लागतो, अगदी अदलाबदल. जुने खेळाडू सवयीने इथेच चुकतात. चेंजलिंग (रूप बदलणारी जात) खेळणाऱ्यांनी पण बघून घ्या, २०२२ च्या मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्समध्ये चेंजलिंग फे आहे, त्याच्यावर चार्म पर्सन चालत नाही, पण क्युअर वूंड्स वगैरे सगळं व्यवस्थित चालतं.

शोधायचे स्पेल वेगळे. लोकेट क्रीचरमध्ये स्पष्ट वाक्य आहे की शोधत असलेला जीव दुसऱ्या रूपात असेल, म्हणजे पॉलिमॉर्फ वगैरे, तर स्पेल त्याला शोधत नाही. ट्रूसाइट (जादूपलीकडचं बघणारी नजर) उलटं, मूळ रूप दिसतं. पण ट्रूसाइटने दिसलं म्हणून टाइप बदलत नाही हं, अस्वलाच्या आत माणूस दिसला तरी २०१४ मध्ये त्याच्यावर होल्ड पर्सन चालणार नाही, माझ्या एका प्लेअरने हे फार पोटतिडकीने मांडलं होतं आणि मला त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं. डिस्पेल मॅजिक फक्त स्पेल मोडतो, म्हणून पॉलिमॉर्फवाल्या फायटरला तो सोडवेल, पॉलिमॉर्फ चौथ्या लेव्हलचा असल्याने तिसऱ्या लेव्हलच्या डिस्पेलला डीसी १४ चा चेक (फाशावर १४ किंवा जास्त) लागेल, पण ड्रुइडचा वाइल्ड शेप स्पेल नाही, त्याला हातही लागत नाही. अँटिमॅजिक फील्डमध्ये मात्र वाइल्ड शेप पण दबतो, कारण त्याच्या वर्णनातच जादूने रूप घेतो असं लिहिलंय.

पाथफाइंडर हा असाच दुसरा गेम खेळणाऱ्यांसाठी एवढंच, २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ॲनिमल फॉर्म घेतला की तुम्हाला ॲनिमल ट्रेट मिळतो, म्हणजे ट्रेट वर चढतो, ह्युमनॉइड ट्रेट काढून घेतलाय असं लिहिलेलं नाही, त्यामुळे पाच लांडग्यांचं कोडं तिथे वेगळ्या पद्धतीने सुटतं. आणि एकावर एक दोन पॉलिमॉर्फ चालत नाहीत, दुसरा पहिल्याला काउंटरॅक्ट करायचा (मोडायचा) प्रयत्न करतो, जमला तर लागतो, नाही जमला तर वाया.

आता तुमच्या त्या सेशनचं. तुम्ही २०१४ ने खेळत असाल तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगा की तो होल्ड पर्सन लागायला नको होता. अस्वल थिजलेलं असताना पाच फुटांवरून बसलेला प्रत्येक फटका क्रिटिकल झाला असेल, त्या डॅमेजमधलं जास्तीचं ड्रुइडला परत द्या, पण लढाई उलटी फिरवू नका, बाकीच्यांनी त्या परिस्थितीवर चांगले निर्णय घेतले असतील, ते राहू द्या. विझार्डचा तो दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट गेलेलाच धरा. आणि २०२४ ने खेळत असाल तर प्लेअरला ग्लॉसरीतली नोंद आणि वाइल्ड शेपचं वाक्य दाखवा, त्याच वेळी हेही सांगा की थिजल्यावर त्याचं रूप सुटायला हवं होतं, म्हणजे त्या राउंडपासून समोर अस्वल नव्हतंच, त्याचा एसी माणसाचा धरायला हवा होता. तो एसी अस्वलापेक्षा जास्त असेल तर काही फटके चुकले असते, तेवढे मोजून त्याला परत करा. जुने डाइस लॉग ऑनलाइन टेबलावर असतील तर पाच मिनिटांचं काम आहे.